खानदेशी आहार आणि रोगजोखीम

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील रूढ आहार, औषधी पूरके (जीवनसत्त्वे, लोह इत्यादींच्या गोळ्या-पुड्या) आणि शारीरिक श्रम यांचा मधुमेह, उच्च रक्तदाब, हृद्‌रोग, रक्तक्षय व सिकलसेल या विकारांशी असलेला संबंध. दादर ज्वारी, बाजरी, उडीद, तूर, वांगी, शेंगदाणा, मिरची व केळी ही या आहाराची प्रमुख द्रव्ये होत. शेवभाजी, वरण-बट्टी, भरीत-पुरी हे पदार्थ सर्वपरिचित आहेत.

कळणा : पोषणाच्या दृष्टीने या ताटातील सर्वांत विचारपूर्वक जुळलेला पदार्थ म्हणजे कळण्याची भाकरी. ज्वारी किंवा बाजरी, अख्खे काळे उडीद आणि मीठ एकत्र दळतात. प्रमाण घरोघर बदलते. चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद हे सर्वसाधारण. तृणधान्यात लायसीन (प्रथिनांचा एक आवश्यक घटक) कमी असते, ते उडदातून मिळते. नुसत्या ज्वारीत १०० ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात. वरील मिश्रणात ती १२ ग्रॅमच्या आसपास जातात आणि उडीद सालीसकट असल्याने तंतूही वाढतात. उडीद जास्त झाले तर पीठ हाताला चिकटते व भाकरी जड होते. पीठ जुने झाले की त्याची विरी (चिकटपणा) जाते आणि भाकरी थापताना चिरते. बाजरीच्या पिठातील स्निग्धांश लवकर खवट होत असल्याने ते आठवड्यापुरतेच दळावे. मीठ दळतानाच पडते, त्यामुळे रक्तदाबाच्या रुग्णासाठी ते वगळून वेगळे दळण काढावे लागते. ही गोष्ट बहुधा राहून जाते.

ज्वारी व पेलाग्रा : नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) याच्या अभावाने होणारा पेलाग्रा (त्वचादाह, अतिसार, मनोविकृती) मुख्यतः मका खाणाऱ्यांचा रोग मानला जाई. तो हैदराबाद परिसरातील ज्वारी खाणाऱ्या गरीब वर्गातही आढळल्याने कारणमीमांसेचा पेच निर्माण झाला. पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये असे मांडले, की ज्वारीतील ल्यूसीन या अमिनो आम्लाचे आधिक्य ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून शरीरात नायसिन तयार होण्याच्या व वापरले जाण्याच्या क्रियेत अडथळा आणते. आयसोल्यूसीन दिल्यास हा परिणाम कमी होतो, असेही त्यांच्या गटाने दाखवले. मात्र प्राण्यांवरील सर्व निष्कर्ष इतर प्रयोगशाळांना जसेच्या तसे मिळाले नाहीत. पुढे या रूपांतराला लागणाऱ्या ब-६ जीवनसत्त्वाच्या स्थितीकडेही लक्ष वेधले गेले. साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून १ मिलिग्रॅम नायसिन बनते. त्यामुळे एकूण प्रथिनेच अपुरी असतील तर केवळ ल्यूसीनला दोष देणे पुरेसे ठरत नाही. ल्यूसीन हे मूळ कारण नसून आधीची कमतरता तीव्र करणारा घटक असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कळणा आणि दाण्याची चटणी असलेल्या ताटाला ही उपपत्ती सरळ लावता येत नाही. शेंगदाणा हा नायसिनचा उत्तम स्रोत आहे आणि उडदाने प्रथिनांची भर पडते. नुसती भाकरी व मिरचीचा ठेचा यांवर दिवस काढणाऱ्या घरापुरता हा प्रश्न खरा होता.

तेल, मीठ व इतर : बसून काम करणाऱ्या प्रौढाला वरून घातलेले तेल दिवसाला २० ते ३० ग्रॅम पुरे. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३० ग्रॅम होते. तर्रीदार शेवभाजीत शेव आधीच तळलेली असल्याने तेल दोनदा येते. बाहेरून आणलेल्या शेवेचे तेल या हिशेबात धरलेलेच नसते. जागतिक आरोग्य संघटनेची मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी आहे, म्हणजे चौघांना महिन्याला ६०० ग्रॅमच्या आत. लोणचे, पापड, बिबडे (ज्वारीचे पापड) यांतील मीठ त्यातच आले. पापडखारही सोडियमयुक्त असतो. केळ्यातील पोटॅशियम (१०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम) एरवी रक्तदाबाला हितकर, पण मूत्रपिंड निकामी होत असलेल्या रुग्णाला घातक ठरू शकते. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताच्या कर्करोगाला कारणीभूत होते. भाजल्याने ते पूर्ण नष्ट होत नाही, म्हणून काळपट, सुरकुतलेले दाणे भाजण्याआधीच निवडून टाकावेत.

पूरके : सिद्ध झालेली कमतरता भरून काढणे आणि निरोगी माणसाचा रोग टाळणे ही दोन वेगळी कामे होत, दुसऱ्यात पूरके बहुधा अपयशी ठरली आहेत. फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्यांत बीटा-कॅरोटिन दिल्यावर फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढला (१९९४). ड जीवनसत्त्व रोज २,००० एकक देऊनही कर्करोग वा हृद्‌रोगाचे प्रमाण घटले नाही (२०१९). ६०,००० एककांची पुडी आठवड्याला एक, अशी ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती रोज किंवा महिनोन्‌महिने घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते. शाकाहारी व्यक्तीत, विशेषतः दीर्घकाळ मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्यात, ब-१२ तपासावे. ते कमी असताना नुसते फॉलिक आम्ल दिल्यास रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते. लोहाच्या गोळीबरोबर चहा घेऊ नये, लिंबू चालते.

श्रम व व्यायाम : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, अशी शिफारस आहे. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो वेग मध्यम समजावा. निंदणी, कापूस वेचणी हे श्रम यात धरता येतात. मात्र ते हंगामी असतात आणि हंगाम सरल्यावर आहार तेवढाच राहतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींत आहार व व्यायामाने जोखीम अमेरिकेतील चाचणीत ५८ टक्के (२००२), तर चेन्नईतील चाचणीत २८.५ टक्के (२००६) घटली. भारतीयांसाठी दुसरा आकडा अधिक वास्तव मानावा.

सिकलसेल : सातपुड्यातील भिल्ल, पावरा इत्यादी समाजांत तांबड्या रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होण्याचा हा आनुवंशिक विकार आढळतो. तो आहाराने टळत नाही. वेदनेचे झटके मात्र पाणी कमी पडल्याने व अतिश्रमाने ओढवतात. यातील रक्तक्षय लोहाच्या अभावाचा असेलच असे नाही, आणि वारंवार रक्त चढवलेल्यांत लोह आधीच साठलेले असते. म्हणून फॉलिक आम्ल नेहमी, पण लोह तपासणीनंतरच देतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा रुग्णाने, तसेच वाहकानेही (आई-वडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक मिळालेल्यानेही), श्रमाचे काम सकाळीच उरकावे, मध्ये थांबावे व तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे.