संगणक दुरुस्तीला आणण्यापूर्वी

सन्माननीय ग्राहक,

आमच्याकडे दुरुस्तीसाठी येणाऱ्या संगणकांपैकी अनेक संगणक मुळात बिघडलेले नसतात. पडद्यावर दिसते एक आणि आत चाललेले असते दुसरेच, त्यामुळे वापरणाऱ्याचा संयम सुटतो आणि मार कीबोर्डला बसतो. कीबोर्डही आम्ही दुरुस्त करतो. तथापि ती वेळ येऊ नये म्हणून हे पत्रक वाचावे.

आपण दूरध्वनी केल्यावर आमचा पहिला प्रश्न ‘रिस्टार्ट केलेत का?’ हाच असतो आणि आपल्याला कटवण्यासाठीच तो विचारला जातो, असा बहुतेकांचा समज असतो. ‘रोज रात्री बंद करतो की’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. येथेच खरी गोम आहे. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे आणि ती बऱ्याच संगणकांवर आधीपासूनच चालू असते. तीमुळे ‘शट डाउन’ केल्यावर आपले प्रोग्रॅम बंद होतात खरे, परंतु विंडोजच्या गाभ्याची त्या क्षणीची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच पुन्हा उचलली जाते; म्हणजे रात्री अडलेला एखादा ड्रायव्हर (प्रिंटरसारखे भाग चालवणारा छोटा प्रोग्रॅम) सकाळी तितकाच अडलेला राहू शकतो. ‘रिस्टार्ट’ मात्र ही स्थिती टाकून देऊन सर्व काही नव्याने सुरू करते. नावावरून ‘शट डाउन’ अधिक कडक वाटते, प्रत्यक्षात ते सौम्य आहे. असे का, हे आम्हांला विचारू नये. आम्ही ते बनवलेले नाही.

फाइली कॉपी होताना ‘दोन मिनिटे शिल्लक’ हा मजकूर अर्धा तास तसाच राहतो, याचीही तक्रार वारंवार येते. तो आकडा म्हणजे आतापर्यंतच्या वेगावरून बांधलेला अंदाज असतो. एक मोठा चित्रपट झरझर जातो, पण तेवढ्याच आकाराची हजारो छायाचित्रे रेंगाळतात, कारण प्रत्येक फाइलची स्वतंत्र नोंद करावी लागते. हिरवी पट्टी पूर्ण भरल्यावरही काही मजकूर पेनड्राइव्हवर उतरायचा बाकी असू शकतो, म्हणून तो उपटून न काढता ‘इजेक्ट’ करूनच काढावा.

वाय-फायच्या सगळ्या कांड्या भरलेल्या असूनही इंटरनेट चालत नसेल, तर संगणकाला दोष देऊ नये. त्या कांड्या केवळ आपले यंत्र आणि राउटर यांच्यातील संपर्काची खबर देतात. राउटरच्या पलीकडे तार तुटली आहे की काय, याचा त्यांना पत्ताही नसतो. संगणक केबलने थेट राउटरला जोडून पाहावा. केबलनेही पान उघडत नसेल, तर बहुधा इंटरनेट पुरवठादाराला गाठणे भाग आहे. केबलने चालत असेल, तर वाय-फायमध्ये अडचण आहे, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तर शेजारचा मायक्रोवेव्हही लुडबुड करतो. ‘१०० एमबीपीएस’ची, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटची, जोडणी घेऊनही डाउनलोड सेकंदाला १२ मेगाबाइटच्या आसपास होत असेल, तर आपली फसवणूक झालेली नाही. जोडणीचा वेग बिटांत मोजतात, फाइल बाइटांत, आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात.

प्रिंटर गप्प बसला म्हणून ‘प्रिंट’ पुन्हा पुन्हा दाबू नये. प्रत्येक दाबणे रांगेत लागते आणि प्रिंटर जागा झाला की सर्व प्रती इमानेइतबारे बाहेर येतात. आधी रांग रिकामी करावी.

विसरलेला पासवर्ड शोधून देण्याची विनंती आम्ही पुरी करू शकत नाही, कारण नीट बांधलेली संकेतस्थळे मूळ पासवर्ड साठवतच नाहीत. त्यापासून गणिताने काढलेला, उलट फिरवता न येणारा ठसा तेवढा ठेवतात. नवा पासवर्ड देताना ‘हा आपला जुनाच पासवर्ड आहे’ असे बजावले जाते, तेही या ठशांच्या तुलनेवरून. एवढे माहीत होते तर मघाशी आत का घेतले नाही, हा आपला संताप रास्त आहे. बहुधा मघाशी टंकताना कॅप्स लॉक चालू राहिलेला असतो.

एवढे करूनही संगणक आणावाच लागला, तर सोबत चार्जर आणावा. पडद्यावर आलेली सूचना न वाचता मिटवून टाकण्याऐवजी तिचे छायाचित्र घ्यावे आणि अडचण येण्याआधी शेवटचे काय बसवले, बदलले किंवा उघडले हे सांगावे. ‘मी काहीच केले नाही’ हे उत्तर आम्ही नोंदवहीत आदरपूर्वक लिहून घेतो, परंतु त्यावरून शोध कोठून सुरू करावा हे समजत नाही.