गोंझालेसची घोडेस्वार स्वयंसेवक तुकडी (१८३६)

मेक्सिकोविरुद्धच्या टेक्सासच्या स्वातंत्र्ययुद्धात गोंझालेस या सरहद्दीवरच्या गावाने उभी केलेली स्वयंसेवकांची तुकडी. २३ फेब्रुवारी १८३६ रोजी ती रीतसर दाखल झाली आणि ६ मार्चला सॅन अँटोनिओतल्या अलामोच्या गढीत संपली. दोन आठवड्यांचेही आयुष्य तिला लाभले नाही. मेक्सिकन सैन्याचा वेढा पडल्यानंतर गढीचा सेनानी विल्यम ट्रॅव्हिस याच्या हाकेला ओ देऊन गढीत शिरल्याचा निश्चित पुरावा याच एका कुमकेचा मिळतो.

ग्वादालूपे आणि सॅन मार्कोस नद्यांच्या संगमाजवळचे गोंझालेस ही ग्रीन डेविट याच्या वसाहतीची राजधानी. मेक्सिकन राजवटीच्या परवानगीने १८२५ मध्ये वसवलेले हे गाव पुढच्याच वर्षी हल्ल्यामुळे ओस पडले आणि नंतर पुन्हा वसले. वसाहतवाल्यांनी जिला सरहद्द म्हटले, ती जमीन कोमांची, टोंकावा इत्यादी लोकांच्या वावरातली होती. त्यामुळे झटापटी नित्याच्याच. बचावासाठी १८३१ मध्ये मेक्सिकन अधिकाऱ्यांनी गावाला एक छोटी तोफ दिली. तीच परत मागितल्यावरून २ ऑक्टोबर १८३५ रोजी या युद्धाची पहिली चकमक झडली.

पुढे टेक्सासच्या हंगामी सरकारने गावोगाव शिबंदी उभारायला माणसे नेमली. गोंझालेसमध्ये हे काम बायर्ड लॉकहार्टकडे होते. त्याने बाविसेक जणांची नावे हजेरीपटावर चढवली. ही कवायती फौज नव्हती. लेफ्टनंट जॉर्ज किंबेल टोप्या बनवणारा, बाकीचे बहुतेक शेतकरी. घोडा आणि बंदूक ज्याची त्याने आणायची.

योगायोग असा, की तुकडी दाखल झाली त्याच दिवशी, २३ फेब्रुवारीला, मेक्सिकोचा सेनापती सांता आना याचे सैन्य सॅन अँटोनिओत उतरले. अलामोतून मदत मागणारे ट्रॅव्हिसचे २४ फेब्रुवारीचे प्रसिद्ध पत्र अल्बर्ट मार्टिनने गोंझालेसला आणले, आणि गावाच्या राखणीला जमवलेली माणसे २७ तारखेला सुमारे ११० किलोमीटरवरच्या सॅन अँटोनिओकडे निघाली. वाटेत आणखी काहीजण मिळाले. मार्टिनही त्यांच्याबरोबर अलामोकडे परत फिरला. विल्यम किंग हा १५ वर्षांचा मुलगा वडिलांच्या जागी गेला, अशी हकिगत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. गॅल्बा फुकाही १६ वर्षांचाच होता. आयझॅक मिलसॅप्सच्या मागे अंध बायको आणि सात मुले राहिली. (त्याच्या नावावर खपवले गेलेले अलामोतले पत्र मात्र बनावट ठरले आहे.)

१ मार्चच्या पहाटे ३ वाजता, जॉन स्मिथ या वाटाड्याच्या मागोमाग, वेढ्याच्या फटीतून ही माणसे आत शिरली. त्यांच्या येण्याने लढाईचे पारडे फिरणार नव्हते. आतली संख्या दोनशेच्या आसपास, बाहेर हजारोंची फौज. स्मिथ ३ मार्चला ट्रॅव्हिसची पत्रे घेऊन बाहेर पडला म्हणून वाचला. ६ मार्चच्या पहाटेच्या हल्ल्यात गढीत असलेली तुकडी मारली गेली आणि सांता आनाच्या हुकमाने प्रेते जाळण्यात आली.

अलामोच्या कथेत या माणसांचे मरण ठळक दिसते. गोंझालेसवर काय ओढवले ते फारसे सांगितले जात नाही, आणि खरी किंमत तिथेच मोजली गेली. १३ मार्चला अलामोतून वाचलेली सुझॅना डिकिन्सन लहान मुलीला घेऊन गावात पोचली. तिचा नवरा आधीपासूनच गढीत तोफा सांभाळत होता. तोही मारला गेला होता. तिच्या तोंडून बातमी पक्की झाली, आणि शोक करायलाही उसंत न देता टेक्सासच्या फौजेचा सेनापती सॅम ह्यूस्टन याने त्याच रात्री माघार घेतली. शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून गाव पेटवून देण्यात आले. नुकत्याच विधवा झालेल्या बायका मुलाबाळांसह पावसाचिखलातून पूर्वेकडे चालू लागल्या. सॅन जॅसिंटोच्या लढाईत टेक्सासला विजय २१ एप्रिलला मिळाला, पण परतणाऱ्यांना आपली घरे राखेतच सापडली.

तुकडीला पुढे ‘अमर बत्तीस’ हे नाव पडले. ३२ हा आकडा ट्रॅव्हिसच्या ३ मार्चच्या पत्रातला आहे. गोंझालेसचे काहीजण आधीच गढीत होते, काही वाटेत सामील झाले, त्यामुळे अभ्यासकांच्या याद्या जुळत नाहीत. किंबल, किंग, कॉटल, केंट आणि फ्लॉइड या टेक्सासमधल्या काउंट्यांची नावे याच तुकडीतल्या माणसांवरून ठेवलेली आहेत.