कॅड ड्रॉइंगमधला फॉन्ट उडणं

एका कॅड सॉफ्टवेअरमधे (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या प्रोग्राममधे) काढलेलं ड्रॉइंग दुसऱ्यात उघडलं की रेघा जागच्या जागी असतात पण अक्षरं जाड, लांबट नाहीतर वेडीवाकडी दिसतात, चौकटीबाहेर जातात, कधी नुसती प्रश्नचिन्हं येतात, याला फॉन्ट उडणं म्हणतात. कुपवाड-मिरज एमआयडीसीतल्या जॉबवर्कवाल्यांना हे नवीन नाही, कारण पार्टीची फाईल ऑटोकॅडची असते आणि इथल्या कॉम्प्युटरवर ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड किंवा फुकटचं लिब्रेकॅड.

मूळ भानगड अशी की डीडब्ल्यूजी फाईलमधे (म्हणजे ऑटोकॅडच्या ड्रॉइंग फाईलमधे) फॉन्ट नसतोच, फक्त त्याचं नाव असतं. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की प्रोग्राम आपल्या मनानं दुसरा लावतो (ऑटोकॅडमधे हे फॉन्टआल्ट नावाच्या सेटिंगवर ठरतं). त्यात फॉन्टच्या जाती वेगळ्या. ऑटोकॅड आलं 1982 ला, पेन प्लॉटरच्या (म्हणजे कागदावर पेन फिरवून ड्रॉइंग काढणाऱ्या मशीनच्या) जमान्यात, म्हणून त्याचे एसएचएक्स फॉन्ट म्हणजे नुसत्या रेघा, पेन कुठं टेकवायचं कुठं उचलायचं एवढंच, तर विंडोजचे ट्रूटाइप भरीव, आणि लिब्रेकॅडचे एलएफएफ आणखी तिसरेच. रुंदी बदलली की ओळ भलतीकडं तुटते आणि नोट्स टायटल ब्लॉकवर (ड्रॉइंगचं नाव-नंबर लिहायच्या चौकटीवर) चढतात. ऑटोकॅडमधे उंची 2.5 दिली तर ती कॅपिटल अक्षराची उंची असते, दुसऱ्या प्रोग्रामनं ती अख्ख्या फॉन्टची धरली तर तेच अक्षर बारीक दिसणार.

दिसायला वाईट एवढंच असतं तर चाललं असतं. खरा घोळ खुणांचा. जीडीटी नावाच्या खुणांच्या फॉन्टमधे स्मॉल एन टाइप केला की व्यासाची खूण येते आणि एक्स टाइप केला की खोलीची, आता हा फॉन्ट उडाला तर कागदावर सरळ एन आणि एक्सच छापून येतात, आणि मशीनवरचा पोरगा एक्सला गुणिले समजून मोकळा.

मराठीचे हाल तर विचारूच नका. श्रीलिपीत (मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरमधे) लिहिलेली नावं फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन दिसतात, कारण ती युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर) नाहीत. डीडब्ल्यूजीत युनिकोड 2007 च्या व्हर्जनपासून आलं, पण प्रोग्रामला देवनागरीची जुळणी जमत नसेल तर ‘मिरज’ची वेलांटी म च्या उजवीकडं जाऊन बसते आणि ‘कृष्णा’तला ष्ण पाय मोडून सुटा होतो, म्हणजे साईट प्लॅनवर नदीचं नावसुद्धा धड नाही.

उपाय आहेत. ऑटोकॅडच्या ई-ट्रान्समिटनं ड्रॉइंगसोबत फॉन्टही पाठवता येतात, फक्त सेटिंगमधे फॉन्टवर टिक हवी. पीडीएफ सोबत असावीच, माप ताडून बघायला तिच्याइतकं सोपं काही नाही. टीएक्सटीईएक्सपी (TXTEXP) कमांडनं अक्षरांच्या रेघा करून टाकल्या तर कुठंही सारखंच दिसतं, मराठी नावांना तर हेच बरं, पण मग ते टेक्स्ट राहत नाही, एखादा आकडा बदलायचा झाला की पार्टीकडं परत मूळ फाईल मागावी लागते.