स्नोबोर्डवर कार्व्हिंगसाठी हार्ड बूट लागतातच असं नाही

‘खरं कार्व्हिंग करायचं तर सॉफ्ट बूट सोडा, हार्ड बूट आणि रेसिंग बोर्ड घ्या.’ (कार्व्हिंग म्हणजे बोर्ड कलवून त्याच्या कडेवर वळणं घेणं; हार्ड बूट म्हणजे प्लास्टिकचे ताठ बूट.) हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय आणि त्यापायी चांगले रायडर नको तिथे पैसे घालतात.

याचं मूळ शर्यतीत आहे. १९९८च्या नागानो ऑलिंपिकपासून जायंट स्लॅलमवाले (खांबांना वळसे घालत उतरणारे शर्यतपटू) हार्ड बुटांवरच दिसतात. त्यांचे बोर्ड मधोमध जेमतेम १८ ते २० सेंटिमीटर रुंद, म्हणून पाय बोर्डाच्या आडव्या रेषेपासून पुढच्या टोकाकडे ५० अंशांच्याही पुढे वळवावे लागतात. पण शर्यत म्हणजे कार्व्हिंग नव्हे. जपानमध्येच सॉफ्ट बुटांवर बर्फाला जवळजवळ अंग टेकवून वळणारे कितीतरी आहेत.

सॉफ्ट बुटांत खरी अडचण रुंदीची. बूट बाहेरून ३० सेंटिमीटर लांब आणि पाय २१ अंशांवर असेल, तर तो आडवी २८ सेंटिमीटर जागा खातो. पायाखाली बोर्ड २६चा असेल तर दोन्हीकडे एकेक सेंटिमीटर बाहेर. बोर्ड खूप कलला की बुटाचं टोक बर्फात रुततं, कड उचलली जाते आणि तुम्ही पाठीवर किंवा पोटावर घसरत जाता. दोष तंत्राचा नसतोच!

म्हणून आधी स्वतःचा बूट मोजा, मग बोर्डाची पायाखालची रुंदी विचारा. साइडकटची (बोर्डाच्या कडेला आत दिलेल्या वळणाची) त्रिज्या ९ ते ११ मीटर पुरे. याहून मोठीला वेग आणि मोकळा उतार लागतो. कडकपणा मध्यमच्या थोडा वर. अतिकडक बोर्ड सॉफ्ट बुटाला वाकवता येत नाही, आणि न वाकलेला बोर्ड वळत नाही.