‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’: अर्धेच खरे

बीजगणितात हे वाक्य वर्षानुवर्षे पाठ करून घेतले जाते. खरे तर आकडा पक्ष बदलतच नाही. आपण दोन्ही बाजूंवर एकच क्रिया करतो.

समजा, ठाणे स्टेशनाबाहेर ३ वडापाव आणि १० रुपयांचा एक चहा घेतला, बिल झाले ८५. एका वडापावची किंमत क्ष धरली, तर ३क्ष + १० = ८५. दोन्हीकडून १० वजा केले की डावीकडचे १० संपतात, उजवीकडे ७५ उरतात. ‘अधिकचे उणे झाले’ असे वाटते ते यामुळे. इथवर पाठांतर निभावते.

घोळ पुढच्या ओळीत. ३ ‘पलीकडे’ नेताना कुणी ७५ − ३ = ७२ लिहितो, कुणी ७५ ला −३ ने भागतो. उणे पंचवीस रुपयांचा वडापाव! इथे ३ मिळवलेला नाही, तो क्षला गुणतो आहे. म्हणून दोन्ही बाजूंना ३ नेच भागायचे. क्ष = २५.

ताळा मूळ बिलाशी घ्या, समीकरणाशी नको. ३(क्ष + १०) = ८५ असे मांडले, तर चहाही तीन होतात, आणि त्यातून आलेले चुकीचे उत्तर त्याच समीकरणात मात्र मुकाट जुळते.