स्त्री-पुरुष भेद आणि स्त्री-पुरुष विषमता: शरीराचा वाटा किती, संस्कारांचा किती?

स्त्री-पुरुष विषमता जन्मजात आहे की संस्कारांतून आलेली, असा प्रश्न विचारला जातो तेव्हा बहुधा दोन निराळ्या गोष्टी एकाच दावणीला बांधलेल्या असतात. एक आहे भेद, म्हणजे शरीराची ठेवण, ताकद आणि प्रजननातील वाटा यांतील फरक. दुसरी आहे विषमता, म्हणजे मजुरी, मालमत्ता, मोकळा वेळ आणि निर्णयाचा अधिकार यांची असमान वाटणी. भेदाचा उलगडा जीवशास्त्र बऱ्याच अंशी करते. विषमतेचा उलगडा त्याच्याकडून करून घेऊ लागलो की ते तोकडे पडते, आणि ‘निसर्गानेच तसे केले आहे’ हे वाक्य नेमके तिथेच पुढे केले जाते.

जीवशास्त्राचा वाटा नाकारण्याचे मात्र कारण नाही. वयात येताना टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे मुलांचे स्नायू, विशेषतः खांद्यांचे आणि दंडांचे, मुलींपेक्षा जास्त भरतात. गर्भारपण आणि अंगावर पाजणे तर वाटून घेताच येत नाही. कधी कधी विषमतेची सुरुवातही अशा फरकातून झालेली दिसते. जड नांगर दाबून धरायला आणि बैल आवरायला दंडात बळ लागते, आणि तान्हे मूल जवळ ठेवून ते काम करणे अवघड असते. त्यामुळे जिथे शेती नांगरावर चालली तिथे पुरुष शेतात आणि स्त्री घरात अशी विभागणी रुजली, असे डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरूप यांनी १९७० साली मांडले. अलेसिना, ज्युलियानो आणि नन या तीन अर्थतज्ज्ञांनी २०१३ मध्ये ही मांडणी तपासली, तेव्हा पूर्वी नांगर वापरणाऱ्या समाजांच्या वंशजांत आजही स्त्रिया घराबाहेर कमी काम करतात असे आढळले. परदेशात स्थायिक झालेल्यांच्या, नांगराला कधी हात न लावलेल्या मुलींमध्येही त्याची छाया दिसली. सुरुवात शरीराने केली असेल, पण पुढे चालवले ते संस्कारांनीच.

महाराष्ट्रातल्या कोणत्याही शिवारात हे दिसते. औत हाकायचे ते पुरुषांनी, खुरपणी आणि कापूस वेचणी बायकांनी. पुढे ट्रॅक्टर आला. त्याला दंडातले बळ लागत नाही, तरी चालकाच्या जागेवर जवळजवळ नेहमी पुरुषच असतो. उलट दिवसभर उन्हात उकिडवे बसून खुरपे चालवणारीची रोजंदारी सहसा पुरुषाच्या रोजंदारीपेक्षा कमी असते, आणि त्या कामात कष्ट कमी आहेत असे म्हणणाऱ्याने ते एक दिवस करून पाहावे. घरातही तेच. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्यांमध्ये स्त्रियांचा दिवसातला सरासरी वेळ २९९ मिनिटे होता आणि पुरुषांचा ९७ मिनिटे. बाळाला अंगावर पाजणे आईलाच शक्य आहे. भांडी घासण्याला अशी कोणतीही अट नाही.

मग बुद्धी आणि कौशल्य यांतील फरकाचे काय? याविषयीचा एक उत्तम पुरावा ईशान्य भारतातला आहे. शिलाँगच्या परिसरातील खासी आणि कार्बी हे समाज शेजारी राहतात आणि वंशाने एकमेकांना जवळचे आहेत. खासींमध्ये वारसा धाकट्या मुलीकडे जातो, तर कार्बींमध्ये जमीन मुलग्यांकडे. हॉफमन, ग्नीझी आणि लिस्ट यांनी दोन्ही समाजांतील जवळपास तेराशे लोकांना चार तुकडे जुळवण्याचे कोडे दिले. कार्बी पुरुषांनी ते स्त्रियांपेक्षा बरेच लवकर सोडवले. खासींमध्ये असा फरक आढळला नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात या तफावतीचा सुमारे एक तृतीयांश भाग शिक्षणातील फरकाने उलगडला.

एका कोड्यावरून सगळ्या क्षमतांचा निवाडा अर्थातच करता येत नाही, आणि खासींसारखा मातृवंशीय, म्हणजे आईकडून वंश चालवणारा, समाज म्हणजे समतेचा समाज, असेही समजू नये. खासी गावांच्या पारंपरिक दरबारात, म्हणजे गावसभेत, कारभार पुरुषांचाच राहिला आहे. म्हणजे ज्या समाजात घर आणि जमीन लेकीकडे जाते, त्याच समाजात गावाचा निर्णय तिच्याकडे येत नाही, आणि या दोन्ही वाटण्यांत तिचे शरीर तेच असते.