बागेतील सुगंधी वनौषधी : लॅव्हेंडर, गुलाबफळे व इतर

पाने, फुले, फळे अथवा मुळे यांतील सुगंध, स्वाद किंवा औषधी गुण यांसाठी बागेत वा कुंड्यांत वाढविल्या जाणाऱ्या वनस्पतींचा हा गट वनस्पतींच्या वर्गीकरणावर नव्हे, तर उपयोगावर आधारलेला आहे. लॅव्हेंडर, रोझमेरी, सेज, थाइम, पुदिना व तुळस ही लॅमिएसी कुलातील मंडळी, कोथिंबीर, शेपू, पार्सली व बडीशेप या एपिएसी कुलातील वनस्पती, कॅमोमाइल व कॅलेंड्युला ही सूर्यफुलाच्या कुलातील फुलझाडे आणि ज्याची फळे वेचली जातात ते गुलाबाचे काटेरी झुडूप, असे एकमेकांशी जवळचे नाते नसलेले घटक त्यात एकत्र आले आहेत. यांपैकी बहुतेकांची लागवड अवघड नाही. मालाचा दर्जा ठरतो तो मुख्यतः काढणीच्या वेळेवर, कारण उपयोगी द्रव्य वनस्पतीच्या विशिष्ट भागात आणि विशिष्ट अवस्थेतच भरपूर असते. हौशी बागांत दुर्लक्ष होते ते नेमके याच बाबीकडे.

अशा बागांची परंपरा जुनी आहे. स्वित्झर्लंडमधील सेंट गॅल येथे जतन झालेल्या, नवव्या शतकाच्या आरंभीच्या मठाच्या आराखड्यात वैद्याच्या घराशेजारी औषधी वनस्पतींचे १६ वाफे आखलेले असून त्यांत सेज, रोझमेरी, पुदिना, बडीशेप, मेथी, जिरे आणि गुलाब यांची नावे लिहिलेली आहेत. लॅव्हेंडर मात्र त्या यादीत नाही, ही आजच्या वाचकाला थोडी आश्चर्याची वाटणारी गोष्ट आहे.

लॅव्हेंडर : लॅव्हॅन्ड्युला या प्रजातीत चाळीसहून अधिक जाती असल्या, तरी बागेत व शेतात मोजक्याच महत्त्वाच्या आहेत. लॅव्हॅन्ड्युला अँगुस्टिफोलिया हे खरे लॅव्हेंडर दक्षिण युरोपातील डोंगराळ भागातले असून कडाक्याची थंडी सहन करते. लॅव्हॅन्ड्युला लॅटिफोलिया ही रुंद पानांची जात त्याहून कमी उंचीवर वाढते आणि तिच्या तेलात कापरासारखा वास ठळक असतो. या दोहोंच्या नैसर्गिक संकरातून लॅव्हँडिन निर्माण झाले. ते वंध्य असल्यामुळे त्याला बी धरत नाही आणि त्याची सर्व लागवड छाट कलमांनीच करावी लागते. लॅव्हँडिनची झुडपे मोठी असतात व तेलाचा उतारा कितीतरी जास्त मिळतो, म्हणून साबण व धुलाईची द्रव्ये यांसाठी त्याचेच तेल वापरतात; उंची अत्तरांसाठी आणि खाद्यपदार्थांसाठी मात्र खऱ्या लॅव्हेंडरला पसंती असते. फुलोऱ्याच्या टोकाला कानांसारखी जांभळी छदे (पाकळ्यांसारखी दिसणारी पाने) असलेली लॅव्हॅन्ड्युला स्टीकस ही जात दिसायला आकर्षक आहे, पण तिच्यात कापराचे प्रमाण अधिक असल्याने ती खाण्यात वापरू नये.

लॅव्हेंडरच्या गरजा त्याच्या मूळ भूमीवरून समजतात. चुनखडीची, दगडगोट्यांची, पाणी न धरणारी जमीन, कोरडा उन्हाळा आणि दिवसाचे निदान सहा तास थेट ऊन अशा परिस्थितीत ते उत्तम वाढते. सामू ६.५ ते ८ असलेली जमीन चालते. आम्लधर्मी जमिनीत चुना मिसळावा लागतो. भारी चिकणमातीत खड्डा करून त्यात वाळू भरल्याने उपयोग होत नाही, कारण भोवतालचे पाणी त्या खड्ड्यातच जमा होते. त्यापेक्षा उंच वरंबा करून त्यावर रोपे लावणे शहाणपणाचे ठरते. नत्रयुक्त खत दिल्यास लुसलुशीत वाढ होते, झुडूप मधोमध फाटते आणि फुलोरा घटतो. थंडीने मरणाऱ्या झुडपांपेक्षा साचलेल्या पाण्याने आणि फायटोप्थोरा या मूळकूज घडविणाऱ्या रोगजंतूने मरणारी झुडपे अधिक असतात. उष्ण व दमट हवेत खरे लॅव्हेंडर क्वचितच तग धरते, शिवाय थंड हिवाळा न मिळाल्यास ते नीट फुलतही नाही. अशा ठिकाणी दातेरी पानांची लॅव्हॅन्ड्युला डेंटाटा ही जात कुंडीत लावणे अधिक व्यवहार्य असते.

बियांपासून रोपे करता येतात, पण उगवण मंद व असमान होते आणि रोपांत एकसारखेपणा राहत नाही. म्हणून फुलोरा नसलेल्या कोवळ्या फांदीचे ८ ते १० सेंमी. लांबीचे छाट घेऊन ते वाळूमिश्रित माध्यमात लावतात. काही आठवड्यांत त्यांना मुळे फुटतात. खऱ्या लॅव्हेंडरच्या रोपांत ३० ते ४५ सेंमी. आणि लॅव्हँडिनच्या रोपांत त्याच्या दुपटीच्या आसपास अंतर ठेवतात. फुलोरा संपल्यावर दरवर्षी छाटणी करणे आवश्यक आहे, परंतु कात्री हिरव्या पालवीच्या वरच थांबली पाहिजे, कारण पाने नसलेल्या जून खोडातून नवी फूट सहसा येत नाही. छाटणी टाळलेले झुडूप तीनचार वर्षांतच उघडे पडून आडवे होते. नियमित छाटलेले सुमारे दहा वर्षे चांगले उत्पन्न देते.

सुगंधी तेल पाकळ्यांत फारसे नसते. ते फुलाच्या निदलपुंजावरील (पाकळ्यांखालच्या नळीसारख्या आवरणावरील) केसांच्या दाटीत लपलेल्या सूक्ष्म तैलग्रंथींत साठते, आणि म्हणूनच पाकळ्या गळाल्यावरही वाळलेल्या कणिशाला वास येत राहतो. सुकविण्याच्या जुड्यांसाठी कणिशावरील पहिली काही फुले उमलताच दांडे कापतात. उशीर झाला, तर वाळताना फुले झडतात व रंग करडा होतो. खाण्यासाठी कळ्याच घेतात. तेलासाठी मात्र निम्मी वा त्याहून अधिक फुले उमलून कोमेजू लागेपर्यंत थांबतात. कापणी दव उडाल्यावर, कोरड्या हवेत करतात. जुड्या लहान बांधून अंधाऱ्या, हवेशीर जागी उलट्या टांगल्यास एकदोन आठवड्यांत वाळतात.

तेल बाष्प ऊर्ध्वपातनाने काढतात. खऱ्या लॅव्हेंडरचे एक किलो तेल मिळविण्यास सामान्यतः शंभर किलोंहून अधिक ताजा फुलोरा लागतो. तेलाचे मुख्य घटक लिनॅलूल आणि लिनॅलिल ॲसिटेट हे होत. फुलोरा पाण्यात बुडवून दीर्घकाळ उकळल्यास लिनॅलिल ॲसिटेटचे विघटन होऊन वासाची नजाकत जाते. त्यामुळे फुलोरा जाळीवर ठेवून त्यातून वाफ सोडण्याची आणि काम लवकर आटोपण्याची पद्धत रूढ झाली. फ्रान्समधील प्रोव्हान्स आणि बल्गेरिया हे उत्पादनाचे प्रसिद्ध प्रदेश आहेत. प्रोव्हान्समध्ये तुडतुड्यांसारख्या एका कीटकाने पसरविल्या जाणाऱ्या फायटोप्लाझ्मा (जीवाणूसदृश सूक्ष्मजीव) रोगाने लागवडीचे मोठे नुकसान केले असून रोगमुक्त मातृवृक्षांपासून रोपे तयार करणे हाच त्यावरचा मुख्य उपाय आहे.

रने-मॉरिस गातफोसे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये आपल्या ग्रंथातून सुगंधोपचार ही संज्ञा रूढ केली. प्रयोगशाळेत भाजलेला हात त्याने चटकन लॅव्हेंडर तेलाच्या भांड्यात बुडविला, ही वारंवार सांगितली जाणारी कथा त्याच्या स्वतःच्या निवेदनाशी जुळत नाही; तेल त्याने नंतर जखमा चिघळल्यावर वापरले होते. झोप व चिंता यांवरील लॅव्हेंडरच्या उपयोगाची कीर्ती मोठी आहे. जर्मनीत ८० मिग्रॅ. तेलाच्या गिळावयाच्या कुपीवर (कॅप्सूलवर) चिकित्सालयीन चाचण्या झाल्या व सौम्य चिंतेवर तिचा उपयोग दिसला, परंतु ती प्रमाणित औषधी कुपी आहे. बाटलीतले तेल थेट पोटात घेण्यास त्यावरून आधार मिळत नाही.

गुलाबफळे : गुलाबाचे लाल वा नारिंगी फळ हे आभासी फळ आहे. मांसल भाग फुलाच्या पेल्यासारख्या बैठकीपासून बनतो आणि ज्यांना आपण बिया म्हणतो ती आतील कठीण कवचाची खरी फळे असतात. त्यांच्याभोवती ताठ, बारीक केस असतात. हे केस घशात व आतड्यात टोचतात आणि त्वचेला खाज आणतात, त्यामुळे फळांच्या कोणत्याही वापरात ते काढून टाकणे हे पहिले काम ठरते.

सर्वांत अधिक वेचली जाणारी जात म्हणजे युरोप, पश्चिम आशिया व वायव्य आफ्रिकेतील रोझा कॅनिना हा रानगुलाब. त्याची आनुवंशिकी विलक्षण आहे : ३५ गुणसूत्रांपैकी २८ बीजांडातून व केवळ ७ परागातून पुढील पिढीत जातात, त्यामुळे रोपे बरीचशी मातृवृक्षासारखीच निपजतात. ईशान्य आशियाच्या किनाऱ्यावरील रोझा रुगोसा या जातीची फळे मोठी व चपटी असून ती चिरून साफ करणे सोपे जाते. घरच्या बागेसाठी हीच जात निवडावी; मात्र ती वालुकामय किनाऱ्यांवर आक्रमकपणे पसरते आणि उत्तर युरोपात उपद्रवी ठरली आहे. चिलीमध्ये स्थिरावलेल्या रोझा रुबिगिनोसाच्या बियांपासून लिनोलेइक व आल्फा-लिनोलेनिक अम्लांनी समृद्ध असे त्वचेसाठी वापरले जाणारे तेल काढतात. भरगच्च पाकळ्यांच्या शोभेच्या गुलाबांना फळे क्वचितच धरतात, आणि फळे हवी असतील, तर सुकलेली फुले खुडण्याचा नेहमीचा परिपाठ सोडावा लागतो. कीटकनाशके फवारलेल्या झुडपांची फळे खाऊ नयेत. बियांना आधी उबदार व नंतर दीर्घ थंड काळ मिळावा लागतो. काही बिया दुसऱ्या वसंतातच उगवतात, म्हणून घाई असलेल्याने छाट कलमे किंवा मुळांपासून आलेले फुटवे वापरावेत.

फळे पूर्ण रंगली, पण अजून घट्ट आहेत, अशा वेळी काढणे उत्तम. पहिल्या हिमतुषारानंतर ती मऊ व गोड होतात हे खरे, पण जीवनसत्त्वासाठी काढायची असल्यास तोवर थांबण्यात तोटा आहे. ताज्या फळांच्या १०० ग्रॅ.मध्ये क जीवनसत्त्व साधारणतः ४०० मिग्रॅ.च्या आसपास वा त्याहून बरेच अधिक असते. संत्र्यात ते ५० मिग्रॅ.च्या घरात असते. याच गुणामुळे दुसऱ्या महायुद्धात संत्री-लिंबांची आयात खुंटलेल्या ब्रिटनमध्ये १९४१ पासून शासनाने रानगुलाबाची फळे वेचण्याची मोहीम चालविली, शाळकरी मुलांनी व स्वयंसेवकांनी शेकडो टन फळे गोळा केली आणि त्यांचे सरबत लहान मुलांना दिले गेले.

त्या काळच्या सरबताच्या कृतीमागील रसायन आजही लक्षात घेण्याजोगे आहे. फळ चिरताच त्यातील विकर (एन्झाइम) क जीवनसत्त्वाचे ऑक्सिडीकरण सुरू करते. म्हणून फळे जाडसर वाटून ती तत्काळ उकळत्या पाण्यात टाकतात, जेणेकरून विकर निष्क्रिय व्हावे. एक उकळी आली की भांडे उतरवून दहापंधरा मिनिटे ठेवतात, दाट कापडातून गाळतात, चोथ्यावर पुन्हा हीच क्रिया करतात आणि केस पूर्ण जावेत म्हणून रस आणखी एकदा गाळून मगच आटवून साखर घालतात. तांब्याची व लोखंडाची भांडी वर्ज्य, कारण हे धातू ऑक्सिडीकरणाला चालना देतात. चहासाठी फळे उभी चिरून, बिया व केस खरवडून, सुमारे ४० ते ५० अंश से. तापमानात कडक होईपर्यंत वाळवतात. अखंड फळे वाळविण्याचा प्रयत्न बहुधा बुरशीत संपतो.

इतर वनस्पती : रोझमेरी, सेज व थाइम या काष्ठमय वनस्पतींना लॅव्हेंडरसारखीच कोरडी, उन्हाची जागा मानवते. थाइमच्या एकाच जातीत रासायनिक प्रकार आढळतात : काही झुडपांत ओव्यात असणारे थायमॉल मुख्य असते, तर काहींत लिनॅलूल. त्यामुळे आवडलेल्या वासाचे झाड कलमानेच वाढवावे. पुदिन्याला ओलावा व थोडी सावली लागते. त्याची जमिनीलगत पसरणारी खोडे शेजारच्या वाफ्यांत घुसतात, म्हणून तो कुंडीतच बरा. पेपरमिंट हा पुदिन्याच्या दोन जातींचा वंध्य संकर आहे. तुळशीच्या गोड जातीला १० अंश से.च्या खालची थंडी बाधते व शेंडे खुडत राहिल्यास ती भरते. कोथिंबीर व शेपू यांना सोटमूळ असल्याने पुनर्लागण सोसत नाही आणि उन्हाच्या मोठ्या दिवसांत ती लवकर फुलावर येतात; दर दोनतीन आठवड्यांनी थोडे थोडे बी टाकणे हाच उपाय. कॅमोमाइलची फुले पांढऱ्या पाकळ्या आडव्या पसरल्यावर खुडतात. तिच्या तेलाचा गडद निळा रंग ताज्या फुलात नसतो, तो ऊर्ध्वपातनाच्या उष्णतेत तयार होतो. कॅलेंड्युलाच्या फुलांचा हिरवा, चिकट तळ वाळायला वेळ लागतो आणि तो ओला राहिल्यास सारी बरणी खराब होते.

काढणी, साठवण व वापर : पानांसाठी लावलेल्या बहुतेक वनस्पतींत फुले येण्याच्या लगेच आधी तेल सर्वाधिक असते. एका वेळी झाडाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग कापू नये. वाळविण्याचे तापमान ३५ ते ४० अंश से.च्या वर नेल्यास बाष्पनशील तेल उडून जाते, आणि थेट उन्हात रंगही जातो. पान चुरचुरीत मोडू लागले की ते अखंडच हवाबंद बरणीत, अंधारात ठेवावे व वापरतेवेळी चुरावे. असे पान वर्षभर चांगले राहते. कोथिंबीर, पार्सली व तुळस वाळविण्यात अर्थ नाही, ती गोठवून ठेवणे बरे.

पाने व फुले यांचा काढा न करता फांट करतात, म्हणजे वर गरम पाणी ओतून झाकण ठेवतात. झाकण नसेल, तर वाफेबरोबर सुगंधही जातो. मुळे, साली व कठीण फळे मात्र उकळावी लागतात. ताजी पाने तेलात बुडवून बाहेर ठेवण्याची पद्धत धोकादायक आहे, कारण पानांतील ओलावा व तेलातील ऑक्सिजनरहित स्थिती बोट्युलिझम ही गंभीर अन्नविषबाधा घडविणाऱ्या जीवाणूला पोषक ठरते. पूर्ण वाळलेली पानेच वापरावीत, अथवा तेल शीतकपाटात ठेवून काही दिवसांत संपवावे.

ओळख चुकण्याचा धोकाही लहान नाही : हृदयावर तीव्र परिणाम करणाऱ्या फॉक्सग्लोव्हची पाने कॉम्फ्री या दुसऱ्या वनौषधीची समजून खाल्ल्याने विषबाधा झालेल्या आहेत. पेनीरॉयल या पुदिन्याच्या जातीतील पुलेगोन यकृताला घातक आहे, आणि सेजच्या तेलातील थुजोन जास्त प्रमाणात झटके आणते; गरोदर स्त्रियांनी ही दोन्ही तेले टाळावीत. त्वचेवर लावायचे कोणतेही सुगंधी तेल खाद्यतेलात साधारण १ ते २ टक्क्यांपर्यंत विरळ करतात. हवा लागलेल्या जुन्या लॅव्हेंडर तेलात लिनॅलूलचे ऑक्सिडीकरण होऊन त्वचेची ॲलर्जी निर्माण करणारी संयुगे बनतात, म्हणून बाटल्या लहान, गडद रंगाच्या व काठोकाठ भरलेल्या असाव्यात.